काळ्या पानावरची तारीख

१ जानेवारी २०१०
(यंत्रमतानुसार)

चिरंजीव भाचीस,

पर्वतशिखरी बसून मेघांच्या हालचालींची दप्तरी नोंद ठेवणाऱ्या विदुषीस, भूतलावर सपाट झालेल्या मातुलाचे आशीर्वाद.

वरील तारीख पाहून दचकू नकोस. माझा संगणक चालू करताच एक काळे पान उमटते आणि त्याच्या माथ्यावर हीच तारीख असते. सध्या मी त्या यंत्राच्या दारी याचक म्हणून उभा आहे; यजमानाशी पंचांगावरून वाद घालणे मला शोभणार नाही.

आता वृत्तान्त. गेल्या मंगळवारी या यंत्राने, सुरू करण्याजोगे आपल्या पोटात काहीही आढळले नाही, असे काळ्यावर पांढरे करून जाहीर केले. तीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून इतरांच्या चुका शोधून ज्याने उदरनिर्वाह केला, त्याला 'काहीही आढळले नाही' हे वाक्य किती झोंबते, हे तुला सांगायला नको.

परंतु खरे संकट पुढेच आहे. तुझ्या मामीच्या शिवणकामाच्या चार जाड वह्या तुला आठवत असतील. सहाशे बारा गिऱ्हाइकांची मापे. तीन वर्षांपूर्वी मी त्यांचे संगणकीय नवसंस्करण सिद्ध केले आणि मूळ प्रती (हे वाक्य मी सावकाश लिहितो आहे) रद्दीवाल्याच्या स्वाधीन केल्या. त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ मला पाहवत नव्हते. वह्या माळ्यावर सुखरूप आहेत अशी मामीची समजूत आहे, आणि त्या समजुतीचा जनक मीच आहे.

सध्या मामीने अग्निशमन दलाच्या वाद्यवृंदाचे एकेचाळीस गणवेश शिवायला घेतले आहेत; त्या सर्वांची मापे त्याच वह्यांत होती. दल दौऱ्यावर गेले असून, ज्या सकाळी परतेल त्याच सकाळी नव्या गणवेशात संचलन करणार आहे; म्हणजे पुन्हा मापे घेण्याची सोय नाही. तूर्त ती कॉलर आणि खांदेपट्ट्या शिवते आहे. सव्वीस जूनला ती कापड बेतायला बसेल आणि माझ्याकडे मापे मागेल. इस्त्रीचे मेजदेखील माझ्याच खोलीत आले आहे. वाङ्मय आणि वाफ हल्ली एकाच भिंतीला टेकून नांदतात. यंत्र का बंद आहे असे तिने विचारले, तेव्हा ते चिंतनात आहे, असे मी सांगितले. ती 'बरं' म्हणाली. अठ्ठावीस वर्षांच्या सहवासात या 'बरं'चे सात प्रकार मी नोंदवले आहेत. हा त्यांत बसत नव्हता.

तुझ्या शिखरावर दूरध्वनी पोचत नाही हे एका परीने उत्तमच. मी घरात कुजबुजलो तरी समोरच्या औषधांच्या दुकानातला गृहस्थ मान हलवतो.

काही कर. 

तुझा,
मातुल

•

६ जून

मामांना नमस्कार.

रोपवेची टपालपेटी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. तुमचं पत्र आज आलं आणि आमचे अर्धे वाऱ्याचे आकडे घ्यायचे राहिले, कारण मी हसत होते. नंतर वह्यांचं वाचलं आणि हसू आवरलं. मामा, हे तुम्ही काय करून बसलात?

घाबरू नका. जुनी प्रणाली बिघडली म्हणजे मापं पुसली गेली असं नाही. सोबत कापसात गुंडाळून एक पेनड्राइव्ह पाठवते आहे. त्यात लिनक्स नावाची दुसरी प्रणाली आहे. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही नीट चालते आणि तुमच्यापेक्षा कमी बोलते. ती जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवायची, म्हणजे मामीची फाइल तिच्यातून उघडता येईल. बसवताना 'सगळी डिस्क पुसा' असा एक पर्याय येईल. त्याला हात लावलात तर मी मामीला स्वतः कळवीन.

आता नीट वाचा. यंत्र चालू झालं की कुठलीही प्रणाली उठायच्या आधी बायोस नावाचा एक द्वारपाल उठतो. तुमचं काळं पान ते त्याचंच. आत झोपलेल्यांना उठवायच्या त्याच्या दोन रीती आहेत. जुनीला 'लेगसी' म्हणतात, नवीला 'यूईएफआय'. ज्या रीतीने एखादी प्रणाली बसवली, त्याच रीतीने हाक मारली तरच ती उठते. दुसऱ्या रीतीने हाक मारली तर ती ओ देत नाही, आणि द्वारपाल सांगतो की घरात कोणी नाही. तुमचं यंत्र माझ्या नोकरीपेक्षा म्हातारं आहे, म्हणून मी पेनड्राइव्ह जुन्या रीतीचा केला आहे. काळ्या पानात 'बूट मोड' अशी ओळ शोधा, तिथे 'लेगसी' करा, जतन करा आणि पेनड्राइव्ह लावून चालू करा.

तारखेचा विनोद आवडला.

भाची

•

१ जानेवारी २०१०
(यंत्र आपल्या मतावर ठाम आहे)

प्रिय विदुषी,

कापसातला अतिथी सुखरूप पोचला. त्याच्या स्वागताचा इतिहास निवेदन करतो.

हे कार्य मामीच्या अनुपस्थितीतच व्हावयाचे असल्याने मी तिला काळा दोरा संपल्याची वार्ता दिली. दोऱ्याचे दुकान जाऊन-येऊन वीस मिनिटांवर आहे. ती जिना उतरताच मी यंत्राची शेपटी भिंतीत खोचली आणि काळ्या पानात प्रवेश केला. एकंदर सात पाने निघाली. मी सातही वाचली. कोणतेही पान वरपासून खालपर्यंत न वाचता सोडणे मला जमत नाही, हे तू जाणतेस. दोन ठिकाणी इंग्रजीची मुद्रणदोषयुक्त अवस्था पाहून खंत वाटली. पाचव्या पानावर तुझी ओळ भेटली. तेथे नव्या पंथाची सत्ता होती. ती उलथवून मी जुन्या पंथाची पुनःस्थापना केली आणि जतन केले. तोच जिन्यावर मामीच्या चपला वाजल्या. मी यंत्र विझवले आणि खिडकीतून आकाश पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी निळा दोरा संपला. शेपटी खोचली, पेनड्राइव्ह लावला, कळ दाबली. यंत्र म्हणाले, काहीही आढळले नाही. तिसऱ्या दिवशी करडा दोरा संपला. पुन्हा तेच.

पाचवे पान मी पुन्हा उघडून पाहिलेले नाही, हे आधीच सांगतो. एकदा शुद्ध केलेले पान पुन्हा उघडायचे नाही, हा माझा तीस वर्षांचा नियम आहे. अन्यथा एकही ग्रंथ छपाईस गेला नसता. तात्पर्य, दोष पेनड्राइव्हचा. प्रवासात त्याला थंडी बाधली असावी.

मामीने काल विचारले की आपण शिवणकाम करतो की पतंग उडवतो. मी हसलो. ती हसली नाही.

तुझा,
दोरासमाप्तिवार्ताहर

•

१३ जून

मामा,

पेनड्राइव्हला थंडी वगैरे काही बाधलेली नाही. पाठवायच्या आधी मी तो इथल्या जुन्या यंत्रावर चालवून पाहिला होता.

तुमचं चुकतंय कुठे ते मला वाटतं मी ओळखलं. तुम्ही हे काम हप्त्यांनी करता. आज एक पान, उद्या दुसरी कळ. सगळं एका बैठकीत करा. आणि तो नियम कृपा करून बाजूला ठेवा, पाचवं पान परत उघडा, ओळ काय म्हणते ते बघा. मी इथे दर तासाला तोच तापमापक परत वाचते. माझी अब्रू गेलेली नाही.

मामी घराबाहेर जाईल असा एखादा पूर्ण दिवस बघा. तेरा दिवस उरले आहेत.

आणि ती जानेवारीची चेष्टा आता पुरे. एकच विनोद दोनदा करणं हे तुमच्यासारख्याला शोभत नाही.

भाची

•

२ जानेवारी २०१०
(यंत्राचे वय एका दिवसाने वाढले, माझे दहा वर्षांनी घटले)

अखिल मेघमंडलाच्या अधिष्ठात्रीस त्रिवार अभिवादन.

विजय. विजय. तिसरा 'विजय' कागद वाचवण्यासाठी गाळतो.

काल, शनिवारी, सायंकाळी मामीची इस्त्री आटोपल्यावर ती शेजारणीकडे बटणे दाखवायला गेली. तेवढ्यात मी पाचव्या पानावर जुना पंथ पुन्हा स्थापन केला आणि यंत्र विझवून साळसूदपणे भाजी निवडत बसलो. आज रविवार, मामी दिवसभर तिच्या बहिणीकडे. एका बैठकीची तुझी आज्ञा मी दोन बैठकांत पाळली, याबद्दल क्षमा असावी. सकाळी नऊ वाजता पेनड्राइव्ह लावून कळ दाबली, आणि पडद्यावर निळसर उजाडले. लिनक्स अवतरली. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. समोरच्या औषधवाल्याने दुकानातून हात केला; मीही केला. काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते, तरी त्याचा आनंद खरा वाटला.

पुसण्याच्या पर्यायाला मी हात लावला नाही. त्या ओळीवर मी तळहात ठेवून ती झाकली, आणि उरलेल्यांतून 'शेजारी बसवा' निवडले. पाऊण तासात प्रतिष्ठापना झाली. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा चालू केले. ते मुकाट्याने चालू झाले. आणि मग एका कोपऱ्यात मामीची फाइल सापडली. सहाशे बारा जीव, छातीकंबरेसहित सुखरूप. तुतारीवाल्याची मान पाहून मला गहिवरून आले.

मी तत्काळ कागद काढून एकेचाळीसांची मापे उतरवून घेतली असतील, असे तुला वाटेल. नाही. फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत माझ्याच हातचा एक अनुस्वार निसटलेला दिसला. मग दुसरा. मी साडेपाचपर्यंत शोधन केले, तीनशेव्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलो आणि मामीची पावले ऐकून यंत्र विझवले. उरलेले उद्या. आता घाई कसली.

तुझा,
दिग्विजयी मातुल

•

१ जानेवारी २०१०

भाची,

सोमवार. काहीही आढळले नाही.

सकाळी मामीने कॉलरींना इस्त्री केली. दुपारी हिरवा दोरा संपला. शेपटी खोचली, कळ दाबली. लिनक्स नाही, फाइल नाही, तुतारीवाला नाही. कालचा संपूर्ण रविवार जणू झालाच नाही.

मी माझा नियम मोडला. पाचवे पान पुन्हा उघडले. तेथे नवा पंथ सिंहासनावर बसला आहे. मी दोनदा केलेली दुरुस्ती कोणीतरी दोन्ही वेळा खोडली आहे. घरात आम्ही दोघेच. मामीला यंत्राची कळ कोठे आहे हेही ठाऊक नाही. औषधवाल्यावर माझा संशय होता, परंतु तो दुकान सोडत नाही.

हे करणारा जो कोणी आहे, त्याला माझ्या शुद्धलेखनाचा राग आहे.

दहा दिवस.

मामा

•

२० जून

मामा,

विजय आणि पराजय एकाच पेटीतून आले. मी आधी पराजय उघडला, मग विजय, आणि काही कळेना. म्हणून तुमची चारही पत्रं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. इथले आमचे प्रमुख शेजारी बसून ताक पीत होते. ते म्हणाले, "या माणसाचं घड्याळ अडकलंय."

मला इतकी लाज वाटली आहे की सांगता येत नाही. एकच आकडा पुन्हा पुन्हा आला की उपकरणाचा दोष समजायचा, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तुमच्या तीन पत्रांवर एक जानेवारी आहे आणि मी ती चेष्टा समजले. वर तुम्हालाच 'पुरे' म्हणून लिहिलं. तुमचं यंत्र दर पत्रात आपला आजार सांगत होतं. तुम्ही तो विनोद करून लिहिलात, मी तो विनोद म्हणून वाचला.

यंत्राच्या पोटात, हिरव्या पाटीवर, बटणाएवढी एक चपटी बॅटरी असते. यंत्राला वीज नसताना तारीख आणि काळ्या पानातल्या निवडी ती लक्षात ठेवते. तुमची मेली आहे. कदाचित वर्षापूर्वीच मेली असेल, पण यंत्राचा प्लग भिंतीत असेपर्यंत ते उघड झालं नाही. प्लग निघाला की द्वारपाल सगळं विसरतो, स्वतःला एक जानेवारीला जन्मलेला समजतो आणि नव्या रीतीने हाका मारू लागतो.

आता सांगा, तुम्ही दर वेळी 'शेपटी भिंतीत खोचता', म्हणजे ती काढतं कोण? त्या खोलीत प्लग लावायची जागा किती आहे? एकच ना? इस्त्री कुठे लागते? शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत इस्त्री झाली नाही. त्या एकाच पत्रावर दोन जानेवारी आहे.

आणखी एक. तुमची जुनी प्रणालीसुद्धा मेलेली नसणार. वाद्यवृंदाचं काम आलं, इस्त्री तुमच्या खोलीत आली, प्लग निघाला, आणि तिला चुकीच्या रीतीने हाक गेली. हे सगळं आपण एका जिवंत माणसाला उठवायला केलं.

उपाय सोपा आहे. नवी बॅटरी, आणि ती बसेपर्यंत प्लग कोणी काढायचा नाही. बॅटरी कशी बदलायची ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे: आधी प्लग काढा, यंत्राच्या लोखंडाला हात लावा, मग झाकण; बॅटरीची अक्षरं वरच्या बाजूला. पण प्लग काढू नको असं मामीला सांगायचं, तर का ते सांगावं लागेल. आणि का ते सांगायचं, तर वह्यांचंही सांगावं लागेल.

तुमच्या जागी मी हे सांगू शकत नाही. तुम्ही प्लगवर चिकटपट्टी लावाल, पाटी लिहाल, आणखी आठ रंगांचा दोरा संपवाल. तसं करू नका. सव्वीसला सहा दिवस आहेत.

भाची

•

२३ जून

बाळ,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण हे आज स्वतः लिहायला तयार नाहीत. कोपऱ्यात बसले आहेत आणि मी काय लिहिते ते वाकून बघत आहेत. मी हाताने झाकून लिहिते आहे.

शनिवारी तुझं पत्र आलं. तेव्हापासून हे घरात फिरत होते. प्लगला चिकटपट्टी दिसली. मी काढली आणि इस्त्री लावली. रविवारी मला म्हणाले, जांभळा दोरा संपला. मी म्हटलं, गणवेशात जांभळं काही नाही. घरात आता अकरा रंगांचा दोरा आहे. दुकानदार मला विचारतो, दुसरं दुकान काढताय का.

आज सकाळी मी कॉलर इस्त्री करत होते. हे आले, समोर उभे राहिले. घसा साफ केला नाही. "मी तुझ्या वह्या रद्दीत दिल्या," म्हणाले, "आणि मापं या खोक्यात अडकली आहेत."

बाळ, मी इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं कोणीतरी गेलं. अठ्ठावीस वर्षांत या माणसाने माझ्यासमोर असं वाक्य टाकलेलं नाही. ना 'तद्वत', ना 'किंबहुना'. त्या यंत्राला मी खोकं म्हणते म्हणून तीन वर्षं माझ्याशी भांडले, आणि आज स्वतः खोकं म्हणाले.

वह्यांचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पहिली वही माझ्या पहिल्या गिऱ्हाइकापासूनची होती. हातातली कॉलर पुरी केली. मग म्हटलं, "बरं."

यांनी विचारलं, "हा कितवा प्रकार?"

मी म्हटलं, "शेवटचा. यानंतर दुसरा नाही."

मग तुझा कागद मागितला. बॅटरीचं चित्र काढलंस ते बरं केलंस. अगदी तीच स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात आहे. मी काटा उघडला, शिलाई मशीनच्या पेचकसाने खोक्याचं झाकण काढलं. हे शेजारी उभे राहून तुझा कागद मोठ्याने वाचत होते, प्रत्येक ओळ दोनदा. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा मी पेचकस दाखवला. आत इतकी धूळ होती की तिची उशी झाली असती. बॅटरी बसली. पाचव्या पानावर यांनी काय करायचं ते केलं आणि माथ्यावरची तारीख आजची केली.

पुढचं हे लिहितील. मी सांगितलंय, काम झाल्याशिवाय लिहायचं नाही.

शाल पाठवते आहे. वर गार असेल.

मामी

•

२६ जून २०२५

चिरंजीव भाचीस,

यंत्रविद्येच्या सूक्ष्म तत्त्वांचे विवरण करणारे एक सुदीर्घ पत्र माझ्या मनात सिद्ध होते. परंतु या घरात नवा नियम झाला आहे: दर दिवशी माझ्याकडून एक सरळ वाक्य. ते आधी म्हणायचे, मग भूक लागल्यास अलंकार. आजचे वाक्य असे: मापे सापडली.

आता अलंकार. सोमवारी बॅटरी बसताच लिनक्स उठली. आणि तू म्हणालीस तसेच झाले, तिच्या शेजारची जुनी प्रणालीही डोळे चोळत उठली. दोघी एका यादीत एकाखाली एक उभ्या आहेत आणि मी कोणाला हाक मारतो याची वाट पाहतात. मामीने मला लिहायला नवी वही दिली. मी एकेचाळीसांची मापे हाताने उतरवली; उरलेले पाचशे एकाहत्तर हे माझे पुढील तीन महिन्यांचे प्रायश्चित्त आहे. मामी प्रत्येक पान तपासते, कापडावर खुणा करायच्या खडूने. तिसऱ्या पानावर तिने एक गोल काढला. ढोलवाल्याची कंबर मी उंचीच्या रकान्यात लिहिली होती. तो साडेतीन फुटांचा ढोलवाला अंगरख्यासह संचलनात अवतरला असता. तीस वर्षांत माझी चूक कोणी पकडली नव्हती. मी तिला मुद्रितशोधकाचे पद देऊ केले. तिने कात्री मागितली.

आज सकाळी आठ वाजता तिने कापड पसरले. खडूने पहिली रेघ ओढण्यापूर्वी थांबली, माझ्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, आणि चालत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. तिला अडवावे, तर आजचे वाक्य खर्च झाले होते. त्या जागी तिने इस्त्री लावली. तुतारीवाल्याची एक कॉलर दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवली. मग इस्त्री काढली, माझी शेपटी पुन्हा भिंतीत खोचली आणि म्हणाली, "बघा."

मी कळ दाबली. काळे पान उमटले. पाचव्या पानावर जाऊन पाहिले. जुना पंथ बसल्या जागी बसला होता. मग माथ्यावरची ओळ वाचली आणि मामीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली. सव्वीस जून. नियम मोडून पुन्हा एकदा वाचली.

दुरुस्ती नाही.

पाठीमागे कात्री चालू झाली.

तुझा,
मामा